भाषा सैबेरियाची, रक्त कोणाचे?

फिनिश आणि हंगेरियन या उरालिक कुळातील भाषा. या भाषकांचा जनुकीय माग २०२५ मध्ये 'नेचर'मधील प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या याकुतियापर्यंत नेला. हा सैबेरियन वारसा फिनलंडवासीयांत आजही आढळतो. हंगेरियनांत मात्र नाममात्रच. नवव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मग्यारांची भाषा टिकली, वंश स्थानिकांत विरून गेला. तरीही तेथे पूर्वेकडील पूर्वज हे राजकीय भांडवल आहे. २०१८ मध्ये हंगेरी तुर्की भाषक राष्ट्रांच्या गटात निरीक्षक म्हणून सामील झाली. वास्तविक तुर्की भाषांचे कूळच वेगळे! हा वारसा सर्वाधिक जपणारे तैमिर द्वीपकल्पातील नगानासान मात्र हजारही उरलेले नाहीत आणि त्यांची भाषा मोजक्या वृद्धांच्याच तोंडी आहे.