कोड चालेल, पुटकुळी नाही

मेकअपच्या ट्रायलला आलेल्या मुलीची आई मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "हिच्या हातावर थोडं कोड आहे, चालेल ना?" चालेल की! कोड हात लावल्याने पसरत नाही. तिथल्या रंग तयार करणाऱ्या पेशी गेलेल्या असतात, एवढंच. सोरायसिसही कुणाला लागत नाही. फक्त खपल्या घासायच्या नाहीत आणि चिरा असतील तो भाग सोडून द्यायचा. लोक ज्याची धास्ती घेतात त्याने माझं काम अडत नाही. ज्याच्याकडे काणाडोळा करतात, ते मात्र ब्रशवर बसून पुढच्या नवरीकडे जातं.

ओठाच्या कडेला झुबक्याने आलेल्या बारीक, पाणीदार पुटकुळ्या घ्या. "जागरण झालं ना ताई, उष्णता उठली," असं सांगून वर लिपस्टिकचा आग्रह. ही उष्णता बहुतेकदा हर्पीस असते आणि पुटकुळी दिसायच्या आधी, नुसती चुणचुण होते तेव्हाही ती दुसऱ्याला लागू शकते. खपली पडून कातडी भरून येईपर्यंत मी त्या ओठांना हात लावत नाही. एरवीही लिपस्टिक कांडीने थेट लावायची नाही, पट्टीने खरवडून पॅलेटवर घ्यायची. डोळे आले असतील तर काजळ, मस्कारा, खोट्या पापण्या, सगळं बंद. 2023च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, तेव्हाही "जरासा लाल आहे, बाकी काही नाही" म्हणणारे होतेच. रांजणवाडीलाही हाच नियम.

गजकर्ण ओळखणं एके काळी सोपं होतं : गोल चट्टा, उठलेली खवलेदार कडा, मधली त्वचा बरी. आता मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळून ती कडाच पुसट झालेली असते. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. हीच ट्यूब गोरं व्हायला म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्यालाही लावली जाते. 2018 मध्ये सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. मिळायची ती मिळतातच. असा चेहरा रिंगलाइटखाली कळत नाही, खिडकीशी बसवून पाहावा लागतो. गाल पातळ, लालसर, बारीक शिरा दिसणारे, मुरूम सगळे एकाच आकाराचे, कधी लवही वाढलेली. लग्न आठ दिवसांवर आलेल्या अशा मुलीला "आजपासून बंद कर" असं आपल्या मनाने सांगू नये. मलम एकदम सोडलं की चेहरा लालेलाल होऊन आगआग होते. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडेच पाठवावं. रोगाचं नाव सांगणं आपलं काम नव्हे.

भुवयांच्या मधोमध टिकलीएवढा फिका डाग दिसला तर संशय टिकलीच्या गोंदावर घ्यावा. काही गोंदांतल्या रसायनाने त्वचेचा रंग जातो. आणि बायका तो झाकायला आणखी मोठी टिकली लावतात! अशा नवरीची चंद्रकोर मी पेन्सिलने काढते, तीही आधी कानामागे लावून, दोन दिवस थांबून.

हे सगळं विचारायचं तर ते सासूबाईंच्या देखत नाही. मुलगी भरल्या खोलीत "मी काहीच लावत नाही" असंच म्हणणार. म्हणून पेटी उघडायच्या आधी माझं ठरलेलं वाक्य असतं : "काकू, सगळ्यांना जरा चहाला घेऊन जाता का?"