गुठळी आणि उशीर

मे २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या वैद्यांनी कोरोनाने दगावलेल्या सलग १२ रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सात जणांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत्या आणि मृत्यूपूर्वी कोणालाही त्यांची शंका आलेली नव्हती. चौघांचा तर पायातली गुठळी फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकल्यानेच अंत झाला होता. ज्याला केवळ श्वसनाचा विकार समजले जात होते, तो रक्तवाहिन्यांचाही विकार ठरला. वाहिन्यांचे अस्तर दुखावते, दाहाने रक्त गोठू लागते आणि फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्या जागच्या जागी तुंबतात. मग बाहेरून प्राणवायू कितीही द्या; तो वाहून नेणारे रक्तच पुढे सरकत नाही.

यावरील औषध नवे नव्हते. हेपारिनचा शोध १९१६ सालचा. ते डुकराच्या आतड्यापासून बनते. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतून मात्र एक विलक्षण भेद पुढे आला. रुग्णालयात दाखल झालेल्या, पण अद्याप अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांना हेपारिनची पूर्ण मात्रा लाभदायक ठरली. अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात गेलेल्यांना तीच मात्रा तारू शकली नाही. म्हणजे औषधाइतकेच महत्त्व वेळेला!

आणि वेळेवर पोचतो कोण? रोज बुडेल म्हणून ताप अंगावर काढणारा शेतमजूर नव्हे. फुप्फुसातील गुठळी निश्चित करायची तर शिरेत औषध टोचून सीटी स्कॅन काढावा लागतो. तो तालुक्याला सहसा होत नाही. जिल्ह्याचे गाडीभाडे जमवण्यातच दोन दिवस जातात. या दोन दिवसांची नोंद मृत्यूच्या दाखल्यावर होत नाही.

औषधाचीही कथा बोलकी आहे. जून २०२० च्या अखेरीस केंद्राच्या औषध किंमत नियामकाने हेपारिनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ मंजूर केली. चीनमधून येणारा कच्चा माल महागला होता. कारण खोटे नव्हते. पण तो बोजा सरकारी तिजोरीने का उचलू नये? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. महामारीच्या ऐन काळात, २०२१-२२ मध्येही, तो १.८४ टक्क्यांवरच होता.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे आणि हेपारिनची कुपी आज तेथे आहे काय, एवढेच प्रथम विचारावे.