मीनाच्या वाट्याचा आंबा



मुले टीव्हीसमोर बसली की घरातली वडीलधारी माणसे ओरडतात, "बंद करा ते कार्टून!" अभ्यास पडून राहतो, हाक मारली तर पोर वळूनही बघत नाही, तेव्हा आईबापांचा राग रास्तच आहे. पण ही कार्टून मालिका नावाची वस्तू बनवली कोणी, आणि तिच्यात आपल्या घरातली लेक कधी दिसली का, हे एकदा पाहायला हवे.

टॉम आणि जेरी ही मांजर-उंदराची जोडी टीव्हीसाठी जन्मलेली नाही. १९४० पासून ती अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी सात-आठ मिनिटे दाखवली जाई. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रे. एकेका चित्राचा फोटो दोनदा घेतला तरी मिनिटाला सातशेवर चित्रे हाताने काढायची, पारदर्शक तावावर उतरवायची, रंगवायची. शेकडो हातांचे हे काम, आणि महागही तसेच.

टीव्हीसाठी मुद्दाम बनवलेली पहिली कार्टून मालिका १९५० साली अमेरिकेत दिसली. तिचे नाव 'क्रुसेडर रॅबिट'. परंतु या धंद्याला खरे वळण मिळाले ते १९५७ साली. टॉम-जेरी काढणाऱ्या एमजीएम कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला आणि विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा हे त्याचे कर्ते बेकार झाले. मिल बंद पडली की काय होते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. दोघांनी टीव्हीचे दार ठोठावले. टीव्हीवाले जे पैसे द्यायला तयार होते ते पूर्वीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नव्हते.

मग त्यांनी काटकसर केली. अंगाचे चित्र एकदाच काढायचे. तोंड, डोळे, हात तेवढे वेगळ्या तावावर काढून हलवायचे. पात्र पळत असेल तर मागची झाडे-घरे तीच ती पुन्हा फिरवायची. योगी अस्वलाच्या अंगात सदरा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे! कारण डोके हलवताना धडाशी असलेला जोड त्या कॉलरीखाली झाकला जातो. गरिबाच्या घरी ठिगळ लावताना बाई नक्षी काढते, तसाच हा प्रकार. या पद्धतीवर 'रफ अँड रेडी' (१९५७), 'फ्लिंटस्टोन्स' (१९६०) अशा मालिका उभ्या राहिल्या. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ पासून 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका अशाच काटकसरीने सुरू केली. याच तेझुकांनी पुढे १९७२ ते १९८३ या काळात तथागतांचे जीवन चित्रकथेच्या रूपाने काढले, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आपल्याकडे वळू. १९५६ च्या सुमारास मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला. शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. त्या विभागाने १९५७ साली केलेला 'बनियन डिअर' हा चित्रपट म्हणजे निग्रोध मृगाची जातककथा. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एक हरीण पाळीने मरायला जाते. एके दिवशी गाभण हरिणीची पाळी येते. तिच्या कळपाचा नायक म्हणतो, पाळी म्हणजे पाळी. दुसऱ्या कळपाचा नायक निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा खजील होतो आणि सगळ्याच प्राण्यांना अभय देतो. आपल्या बुलढाण्याहून अजिंठा काही दूर नाही. तिथल्या भिंतींवर जातककथा प्रसंगामागून प्रसंग रंगवून सांगितल्या आहेत. त्याच भांडारातली कथा मुंबईत हलत्या चित्रांतून उतरली.

१९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केला. त्याची चित्रे भीमसेन यांची होती आणि दूरदर्शनने तो घरोघरी नेला. पण हे दोन्ही सुटे लघुपट होते. देशात बनलेली पहिली टीव्ही कार्टून मालिका म्हणून नाव घेतात ते १९८६ च्या 'गायब आया'चे. मुलांच्या मदतीला धावणाऱ्या या भुताची मालिका शुद्धसत्त्व बसू यांनी केली. १९९३ मध्ये रविवार सकाळी 'जंगल बुक' आले. जंगल नागपूरपलीकडच्या शिवनीचे, लेखक इंग्रज, चित्रे जपानची आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा! मुलांना ते आवडले यात नवल नाही.

आणि याच दशकात मीना आली.

सार्क देशांनी १९९१ ते २००० हे बालिका दशक म्हणून जाहीर केले होते. त्यासाठी युनिसेफने ही मालिका काढली. मीनाचे रूप राम मोहन यांनी घडवले. फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच कार्टून विभागात १९५६ पासून तयार झालेला हा माणूस. मुलीचे नाव काय असावे, कपडे कोणते असावेत, हे गावोगावच्या लोकांना चित्रे दाखवून विचारले गेले, म्हणून ती भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, सगळीकडे आपली वाटली. सुरुवातीचे भाग फिलिपाइन्समधल्या मनिला येथे हॅना-बार्बेराच्याच स्टुडिओत चितारले गेले. दोन बेकारांनी पोटासाठी काढलेली स्वस्त पद्धत अशी एका गरीब मुलीच्या कामी आली.

पहिल्या गोष्टीत भाऊ राजू शाळेत जातो, मीना घरी. ती आपल्या मिठू पोपटाला शाळेकडे पाठवते, तो पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवतो. मग ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. बाप म्हणतो, पोरगी शाळेत जाईल.

दुसरी गोष्ट आंब्याची. आंबा मीनाने आणलेला, पण मोठा वाटा राजूला. जेवतानाही त्याच्याच ताटात जास्त. का? तर तो मुलगा. तेव्हा दोघे एक दिवस कामे बदलून घेतात. घरातली कामे उरकता उरकता राजूच्या नाकी नऊ येतात, आणि संध्याकाळी मीनाच्या वाट्याचे तेवढेच अन्न पुढे आल्यावर त्याला भुकेची किंमत कळते. तेव्हापासून वाटा सारखा होतो.

ही गोष्ट परक्या देशातली वाटते का? आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागली, की मायबाप दोघेही पहाटे रोजाने निघतात. मग धाकट्याला सांभाळायला, भाकरी टाकायला शाळेतून थांबते ती मोठी बहीण. त्यात आईबापांचे काळीज दगडाचे असते असे नाही. रोज बुडाला तर चूल पेटत नाही, हे आम्ही जाणतो. पण थांबायची पाळी दरवेळी तिचीच का? भाऊ तेरा वर्षांचा असेल तर त्यालाही भात शिजवता येतो. आठवड्यातले तीन दिवस त्याने थांबावे, तीन दिवस तिने. गुरुजींना वेचणीआधीच भेटून सांगितले तर बुडालेला धडा भरून घेता येतो.

मीनाच्या नावाने महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांतून 'मीना राजू मंच' चालवले गेले. आपल्या गावच्या शाळेत तो आहे का, असल्यास मुली त्यात बोलतात की नुसत्या बसतात, हे पालकसभेत विचारा. राम मोहन २०१९ साली वारले. मीनाचे भाग मात्र मोबाईलवर हिंदीत सापडतात. घरात मोबाईल एकच असला तर तो बहुधा राजूच्या हातात असतो, म्हणून त्यालाच लावायला सांगा. आंब्याचा भाग पंधरा मिनिटांच्या आत संपतो. रात्री ताटे वाढण्याआधी आजीसकट सगळ्यांनी बसून पाहावा.