फौज दोस्ताची, खर्च आपला

भारत आणि फ्रान्स यांच्यातली सामरिक भागीदारी जानेवारी १९९८ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले. अमेरिका आणि जपान यांनी निर्बंध लादले, फ्रान्सने लादले नाहीत. त्यात फ्रान्सचा स्वार्थ होता हे उघड आहे, पण अडचणीच्या वेळी तो देश आपल्या विरोधात गेला नाही हेही खरे. पुढे माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या गेल्या, ३६ राफेल विमाने आली, नौदलासाठी आणखी २६ विमानांचा करार झाला. या मैत्रीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बीडच्या माणसाने असल्या करारांकडे दोनदा पाहावे. त्याचा जिल्हा तब्बल दीडशे वर्षे एका आशियाई दरबाराने युरोपीय सत्तेशी केलेल्या संरक्षण कराराच्या छायेत राहिला आहे.

हा करार भीतीतून झाला. ऑगस्ट १७६३ मध्ये गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदावरी दुथडी भरून वाहत होती. हैदराबादच्या निजामाची फौज दोन काठांवर विभागली गेली आणि माधवराव पेशव्यांनी डाव साधला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. मार्च १७९५ मध्ये बीडच्या शिवेला लागून असलेल्या खर्ड्याला निजाम अलीचा पुन्हा पराभव झाला. इंग्रज त्याचे मित्र म्हणवत होते, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले. रेमंड या फ्रेंच सरदाराने तयार केलेल्या कवायती पलटणी निजामाच्या पदरी होत्या, त्याही पुरल्या नाहीत. तीन वर्षांनी, सप्टेंबर १७९८ मध्ये, निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. सहा पलटणी, आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २४ लाख १७ हजार १०० रुपये.

रक्कम मोठी होती, पण खरी किंमत दुसऱ्या कलमात होती. सुमारे १४ हजारांची फ्रेंच सरदारांच्या हाताखालची फौज मोडायची, ही अट होती. ऑक्टोबरात ती पाळली गेली. ती फौजही परक्यांच्या हुकमतीखाली होती, हे मान्य. पण पगार निजामाचा होता, आणि तोफा ओतण्याचा कारखाना रेमंडने हैदराबादेतच उभा केला होता. त्या वस्तीला आजही गनफाउंड्री म्हणतात. पॅरिसहून हुकूम यायला महिने लागत. कंपनीचा रेसिडेंट तर शहरातच बसला होता. दोन परक्यांना एकमेकांवर तोलून धरण्याची सोय गेली आणि एकच दोस्त उरला. दोन वर्षांत, १८०० च्या तहाने, फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरच्या लढायांत मिळालेला मुलूख कंपनीकडे गेला. परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलणी करण्याचा अधिकारही गेला.

निजामाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. खर्ड्याला जिंकलेल्या पुण्याने सात वर्षांत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसईला तेच केले. यशवंतराव होळकरांच्या धाकाने पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. पंधरा-सोळा वर्षांत पेशवाई उरली नाही. निजामशाही टिकली, पण टिकणे आणि स्वतंत्र असणे यांत केवढे अंतर असते ते बीड जिल्ह्यात दिसले.

तैनाती फौजेखेरीज हैदराबाद कंटिंजंट नावाचे दुसरे सैन्य उभे राहिले. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. तहात ते शांततेच्या काळी कायम ठेवण्याची सक्ती नव्हती. पण एकदा उभे राहिलेले सैन्य मोडायचे कुणी? त्याचे घोडदळ अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, छावणी करून असे. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापरावांनी बंड केले, ते मोडायला इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची फौज आली. १८५८ मध्ये कंटिंजंटच्या तुकड्या इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर झाशीकडे गेल्या. म्हणजे मराठवाड्यातल्या शेतसाऱ्यातून पोसलेले स्वार राणी लक्ष्मीबाईंवर चालून गेले. फौज कुणाविरुद्ध वापरायची, हे पैसे भरणाऱ्याला कुणी विचारले नाही.

पैसाही पुरेना. दिवाण चंदुलालच्या काळात महसूल गुत्त्याने दिला जाई. गुत्तेदार रयतेला पिळी आणि तरी तिजोरी रिकामीच राही. मग पामर आणि कंपनी या सावकारी पेढीकडून शेकडा २५ पर्यंत व्याजाने कर्ज काढून पलटणींचे पगार भागवले. थकबाकी साचत गेली, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभारात गेले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. कापसाचा वऱ्हाड नाही मिळाला. खर्च वजा जाता उरेल ते निजामाला द्यायचे ठरले होते. पण खर्च करणारा आणि हिशेब लिहिणारा एकच असल्यावर उरणार काय? १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या बदल्यात तो कायमचा पट्ट्याने घेतला.

शेवटच्या निजामाने पहिल्या महायुद्धात इंग्रजांना सढळ हाताने मदत केली. इंग्रजी हवाई दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनला हैदराबादचे नाव मिळाले, निजामाला १९१८ मध्ये ‘विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला. या दोस्ताने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने कळवले की इंग्रजी सत्ता सार्वभौम आहे आणि निजामाने बरोबरीच्या नात्याने बोलू नये. तह बरोबरीच्या नात्याने झाले होते. ती बरोबरी संपली असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. सव्वाशे वर्षांच्या परावलंबनाने ती संपवली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले तेव्हा लंडनचा दोस्त आला नाही. मराठवाड्याच्या दृष्टीने ते भाग्यच ठरले. पण दीडशे वर्षे खर्च उचलून निजामाच्या हाती काय पडले, हा प्रश्न राहतोच.

आजचा भारत म्हणजे निजामाचा दरबार नव्हे. आपल्या भूमीवर परक्या पलटणी नाहीत, संसद आहे, मित्रही एकाहून अधिक आहेत. तरीही जुनी लक्षणे अधूनमधून दिसतात. विक्रमादित्य ही विमानवाहू नौका रशियाकडून २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरला ठरली. काम अर्धवट असताना भाव वाढत गेला आणि २३५ कोटींवर थांबला. आगाऊ पैसे गुंतले होते, परत फिरण्याची वाट नव्हती. २०१८ मध्ये घेतलेल्या एस-४०० क्षेपणास्त्र प्रणालीच्या पाच तुकड्यांपैकी शेवटच्या दोन युक्रेन युद्धामुळे रखडल्या. पहिली स्कॉर्पीन कलवरी २०१७ मध्ये नौदलात आली, पण तिच्यासाठी ठरलेल्या नव्या टॉर्पेडोंची खरेदी आधीच रद्द झाली होती. नौका इथे बांधली, तिचे शस्त्र मात्र परदेशी करारात अडकले.

सामरिक भागीदारीवर भाषणे होतात तेव्हा विमानांची संख्या आणि करारांचे आकडे सांगितले जातात. त्याऐवजी विचारायला हवे ते असे: दुरुस्ती कोण करणार? आपले क्षेपणास्त्र त्या विमानावर बसवायला कुणाची परवानगी लागेल? सुटे भाग थांबले तर किती दिवस तग धरता येईल? आणि परक्याचे घेताना आपले कुठले काम बंद पडणार आहे? लढाऊ विमानाचे स्वतःचे इंजिन आपण अजून तयार करू शकलेलो नाही, आणि प्रत्येक नव्या खरेदीबरोबर ते काम पुढे ढकलण्याची सोय होते. निजामाने मोडलेल्या फौजेपेक्षा न वाढवलेली क्षमता कमी दिसते, म्हणून तिचा धोका जास्त.

गलवानच्या चकमकीनंतर केलेल्या तातडीच्या खरेद्या त्या वेळी अपरिहार्य असतील, पण घाबरलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही. खर्ड्यानंतरचा निजाम आणि होळकरांच्या धाकातला बाजीराव दोघेही त्याच स्थितीत सहीला बसले. मित्र निवडायचे आणि अटी ठरवायच्या त्या शांततेच्या वर्षांत, आणि उद्या तोच मित्र नाही म्हणाला तर आपले काय चालू राहील याचा हिशेब मांडून. तो हिशेब ज्या कराराला जोडलेला नसेल त्यावर सही करण्यापेक्षा दोन वर्षे थांबणे स्वस्त पडते.