डब्याची चोरी ही लहान गोष्ट नव्हे



आपल्या पत्रिकेत ऊसलागणीचे वेळापत्रक येते, खताच्या मात्रा येतात, उताऱ्याचे आकडे येतात. या मोठ्या गोष्टींत मी आज एका डब्याची गोष्ट घेऊन आलो आहे. जेवणाचा डबा. काहीजण हसतील, त्यांनी खुशाल हसावे. पण ज्याचा डबा पाळीवर असताना कुणी खाऊन टाकला आहे तो हसणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार, अशा तीन पाळ्या. ऑफिसात एक वाजला की सगळे एकदम उठतात आणि एकदम जेवतात. आपल्याकडे तसे होत नाही. मिल थांबत नाही, बॉयलर थांबत नाही. पॅनमध्ये साखर शिजत असली की पॅनमनला जागचे हलता येत नाही. बदली माणूस आला की एकाने जायचे, चार घास खायचे आणि परत यायचे. म्हणून डबे कुठे खुंटीला, कुठे कपाटावर, कुठे गरम राहावा म्हणून वाफेच्या पाइपाजवळ ठेवलेले असतात. मालक एकीकडे आणि डबा एकीकडे. चोरी सोपी होते ती इथेच.

आता त्या डब्यामागे काय असते ते बघा. पहिल्या पाळीला माणूस पहाटे चारला हजर पाहिजे. गावाहून यायचे तर तीनला घर सोडायचे. म्हणजे घरची बाई अडीचला, नाहीतर त्याआधीच उठणार. पौषाच्या थंडीत ती भाकऱ्या थापते, कालवण करते, मिरचीचा ठेचा बाजूला बांधून देते आणि मग जनावरांकडे बघायला जाते. नऊच्या सुमारास याने डबा उघडला आणि तो रिकामा निघाला, तर नुसत्या दोन भाकऱ्या गेल्या असे नाही, तिची झोपही त्यात गेली. वर घरी गेल्यावर ती विचारणार, "भाजी बरी झाली होती का?" काय सांगायचं तिला? पुष्कळजण "झकास झाली होती" म्हणून मोकळे होतात. चोरी दुसऱ्याने केली आणि खोटे याला बोलावे लागले.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९८६-८७ च्या हंगामात मी दुसऱ्या एका कारखान्यात फिटर होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोनतीनदा माझा डबा हलका लागायला लागला. कधी भाजी गायब, कधी एक भाकरी कमी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घरून तीन गुळपोळ्या दिलेल्या. डबा उघडला तर आत तुपाचा डाग तेवढा शिल्लक. माझं डोकं फिरलं.

भुशाच्या ढिगावर रोजंदारीने एक पोरगं कामाला होतं, लांबच्या जिल्ह्यातून आलेलं. ते डबा आणत नसे. कँटीनला चहा-पाव खाऊन पाळी काढी. माझा हिशेब झटक्यात झाला. डबा नाही, म्हणजे हाच. चार माणसांत त्याला विचारलं. विचारलं कसलं, ठरवूनच टाकलं. ते एवढंच म्हणालं, "मामा, म्या तुमचा डबा बगितलाबी न्हाई." मी ऐकून घेतलं नाही. सुपरवायझरच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगं कामावर दिसलं नाही. त्याला काढलं की ते आपण होऊन गेलं, हेही मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी डबा पुन्हा रिकामा. मग उलगडा झाला. आमच्याच खात्यातले, कायम नोकरीतले एक वडीलधारे गृहस्थ. गुळपोळ्या त्यांनी आणखी दोघांना वाटून खाल्ल्या होत्या. वर हसत म्हणाले, "अरे, गंमत केली. श्रीकृष्णानं नाही का लोणी चोरलं?" सगळे हसले. सिनियर माणूस, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला आजतागायत लाज वाटते. ज्याने खाल्ले त्याच्यापुढे मी दात काढले आणि ज्याने खाल्ले नव्हते त्याची रोजी घालवली. त्या पोराचे गाव विचारून घ्यावे, दोन ओळींचे पत्र टाकावे असे पुष्कळदा वाटले. टाकले नाही. आता त्याला शोधायचे कुठे?

म्हणून माझे पहिले सांगणे हेच की, डबा गेला तर पुराव्यावाचून कुणाचे नाव घेऊ नका. संशय नेहमी उताराकडे वाहतो. तो हंगामी माणसावर जातो, कंत्राटी पोरावर जातो, परजिल्ह्यातल्यावर जातो, ज्याच्याजवळ डबा नाही त्याच्यावर जातो. कायम नोकरीतल्या, चार ओळखी असलेल्या माणसाकडे कुणी बोट दाखवत नाही. डबा नसणे हा काही गुन्हा नव्हे.

दुसरे, श्रीकृष्णाचे नाव या कामाला वापरू नये. लोण्याची गोष्ट सगळ्यांना आठवते आणि काल्याची विसरते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या, त्या सगळ्यांसमोर सोडल्या, एकत्र कालवल्या आणि मग सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. कुणाची शिदोरी पळवून काला झाला नाही. ज्याला गंमत करायची आहे त्याने आधी आपला डबा मधे ठेवावा.

तिसरी गोष्ट सूड घेण्याची. "भाजीत जमालगोटा घालून ठेवतो, मग बघू कोण धावतंय," असे म्हणणारे बहाद्दर प्रत्येक खात्यात असतात. ऐकायला गंमत वाटते. पण जमालगोटा हे साधे जुलाबाचे औषध नव्हे, ते जास्त झाले तर माणूस दगावतो. शिवाय तो डबा चोरच उघडेल याची खात्री काय? एकसारख्या स्टीलच्या डब्यांत चुकून दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे? कायद्याचेही ऐका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ प्रमाणे, इजा करण्याच्या हेतूने कुणाला विषारी किंवा अपायकारक वस्तू खाऊ घालणे हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. भाकरी चोरणारा राहील बाजूला आणि भाकरीचा मालक जाईल आत.

गंमत करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. आज आपल्या कामगारांत साखरेच्या विकाराची माणसे बरीच आहेत. एखाद्याने जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून घेतले आणि डबा उघडला तो रिकामा, तर त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा अवस्थेत माणूस फिरत्या यंत्राजवळ उभा असला तर काय होईल ते सांगायला नको. तो शुद्धीवर असेल तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, मग पोटभर खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा. साखरेच्या कारखान्यात साखर उतरून माणूस पडला, ही नामुष्की आपल्या वाट्याला यायला नको.

मग करायचे काय? उपाय फार खर्चाचे नाहीत.

डब्यावर नाव घालून घ्यावे. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची रीत जुनीच आहे. लग्नातल्या ताटापासून पाण्याच्या कळशीपर्यंत आपण नाव घालतो, मग डब्यानेच काय घोडे मारले? मुंबईत १८९० पासून डबेवाल्यांचा धंदा चालत आला. त्यांतले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भागांतले. एक डबा किती हातांतून जातो, पण त्याला कुलूप नसते, झाकणावर रंगाने काढलेली खूण असते. खूण दिसली की चूक टळते, आणि "मला वाटलं माझाच" ही सबबही टळते.

प्रत्येक खात्यात जाळीच्या दाराचे एक कपाट असावे आणि किल्ली पाळीच्या मुकादमाकडे राहावी. १९४८ च्या कारखाने कायद्याने दीडशेहून जास्त कामगार असतील तेथे घरचे जेवण बसून खाण्यासाठी पिण्याच्या पाण्यासह खोली ठेवायला सांगितले होते. २०२० च्या नव्या संहितेने ती मर्यादा पन्नासावर आणली. खोली कायद्याने मिळते, पण ती वापरायची आपण. खुंटीला डबा टांगून ठेवायचा आणि मग बोंबलायचे, यात अर्थ नाही.

कोण खातो हे खात्रीने कळले, तर आधी त्याला एकट्याला गाठून तोंडावर सांगावे, "दादा, तो माझा डबा आहे. घरी अडीचला उठून केलेला आहे. पुन्हा हात लावू नका." वयाने मोठा असला तरी सांगावे. मी सांगितले नाही, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. तरीही थांबला नाही तर मुकादम, मग कामगार कल्याण अधिकारी, तेही लेखी. आणि बाकीच्यांनी अशा वेळी हसू नये. आपण हसतो म्हणून गंमत चालते.

शेवटचा उपाय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खाणारे सगळेच गंमत करणारे नसतात. एखाद्याच्या पोटात खरोखरच आग असते आणि मागायला जीभ उचलत नाही. बिऱ्हाड लांब, खानावळीचे पैसे थकलेले, पगाराला आठवडा अवकाश. त्याच्यासाठी प्रत्येक खात्यात एक सामाईक डबा ठेवावा. ज्याला जमेल त्याने रोज चतकोर भाकरी, चमचाभर चटणी त्यात टाकावी. ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावी. कोण घेतो हे कुणी बघू नये. असा डबा ठेवल्यावर मग चोरीला निमित्त उरत नाही आणि उरलाच कुणी चोरणारा, तर त्याला बोलायला आपली जीभ अडखळणार नाही.

सभासद मंडळींना वाटेल, हा कामगारांचा प्रश्न, आम्हाला कशाला? पण कामगार म्हणजे बहुतेक आपलीच पोरे आहेत. आपण उसाची गाडी वजनकाट्यावर लावतो आणि चिठ्ठी घेऊन घरी येतो, ती काट्यावरच्या माणसावर विश्वास ठेवून. सहकार म्हणतात तो असा रोजच्या विश्वासावर उभा असतो. शेजारच्याच्या भाकरीला हात लावायचा नाही, एवढे ज्या पाळीला जमत नाही, तिच्या हाती आपण वर्षभराचा ऊस कोणत्या भरवशावर द्यायचा?

येत्या हंगामात मोळी पडण्याआधी प्रत्येक खात्यात कपाट आणि सामाईक डबा यांची सोय व्हावी, अशी संचालक मंडळाला आणि कामगार बंधूंना नम्र विनंती आहे. सामाईक डब्यातली पहिल्या दिवसाची भाकरी माझ्या घरून येईल.

— एक सभासद, निवृत्त फिटर