गोळीची वेळ, दुधाची वेळ

पावसाळा सरला की लखनौत शेळीच्या दुधाचा भाव चढतो आणि पपईच्या पानांची शोधाशोध सुरू होते. डेंग्यूचे दिवस असतात. अमीनाबाद असो की आलमबाग, ज्याच्या घरी ताप, तो बाटली घेऊन शेळीवाल्याच्या दारात उभा. "प्लेटलेट्स गिर गए हैं" हे वाक्य या दिवसांत इथे गल्लोगल्ली ऐकू येतं. डेंग्यूत त्या खरोखरच घसरतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ताप उतरल्यावर काही दिवसांत आपल्या आपण वरही येतात. त्या वर आल्या की श्रेय दुधाला मिळतं. गोष्ट एवढ्यावरच राहिली असती तर मी या विषयाला हात घातला नसता.

पण ज्यांच्या प्लेटलेट्स बारा महिने कमी असतात, अशीही माणसं या शहरात आहेत. मी त्यांतलीच एक. आमच्या आजाराला आयटीपी म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेट्सना परकं समजून त्यांचा नाश करत सुटते. निरोगी माणसाच्या रक्तात, एका मायक्रोलीटरमध्ये, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. आमचा आकडा लाखाच्या आत, कधी वीस हजार, कधी त्याहूनही खाली. पोटऱ्यांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके उठतात आणि बोटाने दाबले तरी ते फिके पडत नाहीत. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. बायकांची पाळी जास्त दिवस चालते, अंगावरून फार जातं आणि रक्त कमी होतं. एरवी माणूस चालता-फिरता, त्यामुळे घरच्यांनाही आजार पटत नाही.

या आजाराचं मूळ रक्तातच असतं, हे एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर प्रयोग करून सिद्ध केलं. 1950 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या एका रुग्ण बाईचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट्स तळाला गेल्या, त्याला झटका आला आणि सहकाऱ्यांची पाचावर धारण बसली. काही दिवसांनी तो सावरला. रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट्सना मारणारं काहीतरी फिरत असतं, हे त्या प्रयोगाने दाखवलं. म्हणूनच आम्हाला बाहेरून प्लेटलेट्स चढवून फारसा उपयोग होत नाही, दात्याच्या प्लेटलेट्सही त्याच वाटेने जातात. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तेव्हाच त्या देतात.

उपचार सुरू होतो तो बहुधा स्टेरॉइडने. त्याने आकडा चढतो, पण चेहरा सुजतो, साखर वाढते, झोप उडते, आणि वर्षानुवर्षं ते घेत राहणं हाडांना परवडत नाही. स्टेरॉइड पुरेना, तेव्हा पुढची पायरी म्हणून अनेकांना एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी मिळते. अमेरिकेत तिला 2008 च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. प्लेटलेट्स मरतात तर मरू देत, अस्थिमज्जेला जास्त बनवायला लावू, असं तिचं तत्त्व. प्लेटलेट्स तयार करणाऱ्या पेशींवर जी कळ असते, ती कळ ही गोळी दाबते. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात. भारतात तिच्या पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात भांडण चाललं. 2023 च्या मे महिन्यात पेटंट संपलं, अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत उतरली. तरीही सामान्य घराला महिन्याचा खर्च जाणवतोच.

आता मूळ मुद्दा. या गोळीचं आणि कॅल्शियमचं हाडवैर आहे. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम यांतलं काहीही पोटात भेटलं की गोळी त्याला घट्ट धरून बसते आणि ती जोडी रक्तात शिरतच नाही. अँटासिडबरोबर घेतली तर रक्तात पोचणारं औषध सुमारे 70 टक्क्यांनी घटतं. म्हणून नियम असा की गोळी उपाशीपोटी किंवा कॅल्शियम अगदी कमी असलेल्या खाण्याबरोबर घ्यायची, आणि दूधदुभतं, कॅल्शियमच्या वा लोहाच्या गोळ्या, अँटासिड यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यायची. लखनौसारख्या शहरात हा नियम पाळणं सोपं नाही. इथली सकाळ दुधाच्या चहाने उजाडते. थंडीत चौक भागात गोल दरवाज्यापाशी मक्खन मलाईच्या पराती मांडतात, शीरमाळच्या कणकेतही दूध असतं, रात्री जेवणानंतर कुल्फी. यातलं काही वर्ज्य नाही, मीही सगळं खाते. फक्त गोळीच्या वेळेला त्यातलं काही पोटात नको.

चौकातल्या सराफ्यात सांगली जिल्ह्याकडची गलाईवाली कुटुंबं आहेत. खानापूर, विटा, आटपाडी इकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, लखनौतही आली. तिथल्याच एका तरुण सुनेला हा आजार आहे. एका दुपारी ती रिपोर्टांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, वाढतच नव्हत्या, डॉक्टरांनी डोस 25 वरून 50 मिलिग्रॅम केला तरीही नाही.

"गोळी चुकत तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही ओ ताई. रोज रात्री जेवल्यावर, दुधाबरोबर घेते. शेळीचं दूध. पेशींना चांगलं म्हणून आत्याबाईंनी विट्याहून फोन करून सांगितलंय."

मी चिठ्ठी पाहिली. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम, पाळीत रक्त फार जातं म्हणून लोह, पोटात जळजळतं म्हणून पातळ अँटासिड. प्रत्येक औषध आपल्या जागी योग्य. पण विसरायला नको म्हणून एल्ट्रोम्बोपॅगसकट चारही औषधं ती एकदमच घ्यायची, वर पेलाभर दूध. एल्ट्रोम्बोपॅगच्या ओळीपुढे फक्त "रात्री एक" एवढंच लिहिलेलं होतं.

आत्याबाईंच्या मायेत खोट काढायची नाही. सुनेची काळजी वाटली म्हणूनच त्यांनी शेकडो कोसांवरून फोन केला. पण शेळीच्या दुधाने प्लेटलेट्स वाढतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. शिवाय पुष्कळ लोक ते कच्चंच पितात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो आणि त्या आजारात प्लेटलेट्स उलट कमीही होतात. स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने तर कच्चं दूध तोंडालाही लावू नये.

पुढच्या भेटीत तिने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोस तोच ठेवला, वेळा बदलल्या. घर पहाटे पाचला उठतं, तेव्हा गोळी नुसत्या पाण्याबरोबर. चहा सातनंतर. लोह दुपारी, कॅल्शियम रात्री जेवताना. काही आठवड्यांत तिचा आकडा पन्नास हजारांपुढे गेला. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, काहींना ही गोळी लागूच पडत नाही. याच कुळातली अवाट्रोम्बोपॅग जेवणाबरोबर घेता येते, आठवड्याला टोचायचं रोमिप्लोस्टिम आहे. पण औषध निरुपयोगी ठरवण्याआधी ते रक्तात पोचतंय का, हे पाहायला नको?

बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे शंभर माणसं उभी असतात, त्याला प्रत्येकाच्या चहाची वेळ विचारायला सवड कुठली, हे मला कळतं. तरी हे काम अशक्य नाही, याचा पुरावा याच शहरात आहे. आठवड्याला घ्यायची सेंटक्रोमन ही संततिनियमनाची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मली. 'सहेली' नावाने ती बाजारात आली आणि 2016 पासून 'छाया' नावाने सरकारी कार्यक्रमात मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असा तिचा हिशेब. तो हिशेब 'आशा' आरोग्य कार्यकर्त्या खेड्यापाड्यातल्या बायकांना वार सांगून समजावतात. तसंच एल्ट्रोम्बोपॅगच्या पाकिटाबरोबर घड्याळाचं एक साधं चित्र द्यायला काय हरकत आहे? कंपन्या आत जो बारीक अक्षरांचा कागद घालतात, तो इंग्रजीत असतो आणि बहुतेक घरी उघडलाही जात नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. आकडा चांगला आला म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर प्लेटलेट्स उपचारापूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकतात. आकडा फार चढला तरी तो धोकाच, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून दोन लाखांच्या पुढे गेला की डॉक्टर डोस उतरवतात. यकृताच्या तपासण्या आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका. अंग दुखलं की घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी तोंडात टाकायची सवय सोडा, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

औषधाच्या दुकानदारांना विनंती आहे की ही गोळी देताना पाकिटावर पेनाने वेळ लिहा, आणि "दूध, कॅल्शियम, लोह यांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर" एवढं ग्राहकाच्या भाषेत सांगा. आणि तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल, तर आजच त्यांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात मांडा, कोणती कशाबरोबर जाते ते कागदावर उतरवा आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात द्या.