क्षारमिश्रण हे औषध नव्हे, आहार होय

राळेगाव तालुका कापसाचा, तुरीचा आणि आता सोयाबीनचा. येथील बहुतेक दुभत्या म्हशींचा आहार याच पिकांच्या अवशेषांवर आधारलेला आहे. दावणीत कुटार व थोडा कडबा असतो. ढेप मात्र म्हैस व्याली की आणली जाते आणि दूध आटताच बंद होते. क्षारमिश्रणाची पिशवी तर जनावर आजारी पडल्याखेरीज घरात येत नाही. ही रूढी बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम व एक ग्रॅमहून अधिक स्फुरद शरीराबाहेर जातो. म्हणजे पाच लिटर दूध देणारी म्हैस रोज जवळजवळ नऊ ग्रॅम कॅल्शियम गमावते. ही तूट आहारातून भरून निघाली नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून भरते. तूर व सोयाबीनच्या कुटारात कॅल्शियम बऱ्यापैकी असते. उणीव पडते ती मुख्यतः स्फुरदाची. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद बांधला जातो. जे पिकाला मिळत नाही, ते वैरणीत कोठून येणार? सरकीची ढेप व गव्हाचा कोंडा यांत तो पुष्कळ असतो. म्हणून ढेप थांबली की उणीव वाढते.

म्हैस माती चाटते, चिंध्या किंवा हाडे चघळते, हे या उणिवेचे लक्षण असू शकते. व्याल्यानंतर लघवी लाल किंवा काळसर झाल्यास मात्र पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. तेथे घरगुती उपाय चालणार नाही. परंतु सर्वांत मोठी हानी दिसत नाही. म्हैस वेळेवर माजावर येत नाही, किंवा मुका माज दाखविते. एक माज चुकला की २१ दिवसांची वैरण फुकट जाते. असे चार-पाच माज चुकले की चांगली म्हैस भाकड ठरून बाजारात जाते.

“आमच्या वाडवडिलांनी कोठे क्षार दिले?” असे काही शेतकरी विचारतात. त्या काळी म्हैस नदीकाठी, रानात चरून नाना प्रकारचा पाला खात असे. आज ती दावणीला बांधलेली आहे. जे आपण घालू तेवढेच तिला मिळते.

मोठ्या म्हशीस रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण ओल्या आंबोणात कालवून द्यावे. मीठ सुमारे ३० ग्रॅम वेगळे द्यावे. नुसते मीठ म्हणजे क्षारमिश्रण नव्हे. महिन्याला दीड किलो मिश्रण पुरते. भाकड व गाभण काळातही ते बंद करू नये. खरेदी करताना पिशवीवरील स्फुरदाचे प्रमाण वाचावे. चुन्याची भुकटी स्वस्त मिळते, पण तिने आपली उणीव भागत नाही.

क्षारमिश्रण पोटभर वैरणीची जागा घेऊ शकत नाही, हेही खरे. तथापि ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी निदान दोन-तीन गोठ्यांत ते वर्षभर नियमित देववावे व विण्याच्या आणि माजाच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. शेजाऱ्याच्या गोठ्यातील हा हिशेब शेतकऱ्यास कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक पटेल.